विहिरीचा दाखला

जालन्याला नगरपालिकेत मी ओव्हरसियर म्हणून लागलो तेव्हा माझ्याकडे डिप्लोमा होता, कोरी करकरीत टेप होती आणि डोक्यात भरपूर हवा होती. भिंत दिसली की तिच्यात दोन चुका काढायच्या, गवंड्याला चार शब्द सुनवायचे आणि मग चहा घ्यायचा, असा माझा खाक्या. गवंडी बिचारे 'बराबर हाये सायेब' म्हणायचे. मला ते खरं वाटायचं.

गुत्तेदारांच्या अर्जांची छाननी माझ्याकडे होती. आमच्याकडे कंत्राटदाराला गुत्तेदार म्हणतात. नगरपालिकेचं काम घ्यायचं तर आधी नोंदणी करून लायसन काढावं लागे. त्यासाठी अर्ज, हत्यारांची यादी आणि पुऱ्या केलेल्या तीन कामांचे दाखले लागत, तेही मालकाच्या सहीचे. लायसन नसलेला माणूस कितीही कसबी असला तरी त्याने दुसऱ्याच्या नावाखाली राबायचं. यादी वर्षातून एकदाच व्हायची. महिनाअखेरीला ती बंद झाली की पुढच्या वर्षापर्यंत दार बंद.

तो दुष्काळाचा उन्हाळा होता. एक मिस्त्री अर्ज घेऊन माझ्या टेबलासमोर उभा राहिला. वय पन्नाशीचं, बोटांची पेरं दगडाने घासून गुळगुळीत झालेली. मूळचा जाफराबादकडचा, आता जालन्यातच राहणारा, छप्पन साली बौद्ध झालेल्या घरातला. त्याला लिहितावाचता येत नव्हतं. अर्ज त्याच्या मुलीने लिहिला होता, ठळक, गोलगोल अक्षरात. दाखले दोनच होते, एक जिनिंगच्या गोदामाचा, दुसरा एका सरायीच्या हौदाचा.

"तिसरा कुठंय?" मी विचारलं.

"काम हाये सायेब, कागद न्हाई. तीस वर्षं दुसऱ्याच्या नावानं बांधून राह्यलो. आवंदा मह्या वस्तीतल्या शाळेच्या दोन खोल्या निघणार हायेत. तेवढ्या मह्या नावानं बांधायच्यात. मह्या पोरीनं तिथंच बाराखडी गिरवली, झाडाखाली बसून."

तिसऱ्या कामाच्या रकान्यात मुलीने लिहिलं होतं: विहीर, दगडी, सात परस खोल. पुढे गावाचं नाव होतं आणि मालकाचं. मी ते दोनदा वाचलं. गाव केदारखेड्याच्या अलीकडचं, माझं. मालक म्हणून माझ्या आजोबांचं नाव होतं.

आमची विहीर म्हणजे आमच्या घराची शान. सात परस म्हणजे सात पुरुष एकावर एक उभे केले तर वरच्याचा हात काठाला लागेल एवढी खोल. त्या दुष्काळात आसपासच्या विहिरी कोरड्याठाक पडल्या, पण आमच्या विहिरीवर अर्धं गाव जगत होतं. आजोबांनी विहीर बांधली, असं मी जन्मापासून ऐकत आलो होतो. बौद्ध वस्तीतल्या बाया काठापासून दहा पावलं लांब घागरी घेऊन थांबायच्या आणि आमचा गडी त्यांच्या घागरीत वरून पाणी ओतायचा. हे मी लहानपणापासून पाहत होतो आणि मला त्यात काही खटकलं नव्हतं. आज लिहिताना त्याची लाज वाटते.

विहीर आमची आहे हे मी त्याला सांगितलं नाही. उलट साहेबी आवाज काढून विचारलं, "तूच बांधली कशावरून?"

त्याने क्षणभर डोळे मिटले. मग बोलायला लागला. "वरचे चार परस चुन्यात हायेत. खालचे तीन नुसते दगडावर दगड. खाली चुना लावला आस्ता तर पानी आडलं आस्तं. पान्याला वाट पायजे. बुडाकून तिसऱ्या थरात तीन भोकं ठेवलीत, झऱ्यांसाठी. दोन उगवतीला, येक मावळतीला. मावळतीचा झरा कोरडा निघाला, पर मी वाट बुजवली न्हाई. म्हनलं, कव्हा तरी येईल बिचारा. त्या भोकाच्या वरचा दगुड काळा न्हाई, तांबूस हाये. काळा पुरला न्हाई म्हून."

त्या विहिरीत मी हजार वेळा सूर मारला होता, पण तिचा तळ कधी पाहिला नव्हता. कुणीच पाहिला नव्हता. पाणी तेवढं खाली कधी गेलंच नव्हतं.

शनिवारी एसटीने गावी गेलो. घरी कुणाला काही न सांगता रविवारी सकाळी विहिरीत उतरलो. भिंतीतून पुढे काढलेल्या दगडांवर पाय ठेवत ठेवत खाली गेलो. पाणी मांडीपर्यंत होतं. वरचं आभाळ ताटाएवढं दिसत होतं. चार परसांवर चुना संपला. त्याखाली नुसता दगड, आणि दोन दगडांमध्ये माझी नवी सुरी शिरेना. भिंत गोल फिरत होती आणि कुठे फुगून पोट आलेलं नाही की खचून खांदा पडलेला नाही. तीस वर्षं पाण्याखाली राहून एकही दगड जागचा हलला नव्हता.

वाकून पाण्याखाली हात घातला. बुडापासून तिसरा थर. उगवतीला दोन भोकं, त्यांतून गार धार पोटरीला लागत होती. मग मावळतीला वळलो. भोक होतं, आणि त्याच्या वर तांबूस दगड.

आणि त्या भोकातूनही पाणी येत होतं. बारीक, पण येत होतं.

डिप्लोम्याच्या तीन वर्षांत एकाही पुस्तकाने मला असं गप्प केलं नव्हतं. न आलेल्या पाण्यासाठी त्या माणसाने वाट ठेवली होती, आणि ते पाणी कधीतरी आलं होतं. ते त्याला माहीत नव्हतं, आम्हालाही नाही. वरून गड्याने हाक मारली तेव्हा वर चढलो.

ओल्या धोतरानेच वडिलांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. आजोबा गेल्यानंतर विहीर वडिलांच्या नावावर होती, त्यामुळे दाखल्यावर सही त्यांचीच लागणार होती. ते पान लावत बसले होते. हात थांबला.

"इहीर तुह्या आज्जानं बांधली," ते म्हणाले.

"आबा, आजोबांनी बांधून घेतली. बांधली त्यानं."

"शहरातला येक बडा मिस्त्री आल्ता. छत्री लावून काठावर बसायचा. फेटा त्यालाच बांधला आपून. खाली कोन व्हतं ते कोनी पाह्यलं?" मग आवाज चढला. "ह्या इहिरीचं पानी देवाला जातं. त्यांच्या हातची इहीर म्हून मी कागदावर लिहून देऊ? भावकीत तोंड कसं दाखवू? बिलकुल न्हाई."

मी तणतणत जालन्याला परत आलो. राग वडिलांचा होता, आणि स्वतःचाही. मिस्त्रीला बोलावून सगळं सांगितलं. विहीर आमची आहे, सही माझ्या वडिलांची लागते आणि ते देत नाहीत.

तो हसला. "तुमचं गाव मला पैल्या दिशीच म्हाईत व्हतं सायेब. पोर दाराशी व्हती, पाटीवरचं आडनाव वाचून घेतलं व्हतं तिच्याकून."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमी तरी कुठं बोल्ले?"

मग त्याला मावळतीचा झरा वाहतोय हे सांगितलं. तो एकदम खुर्चीवर बसला. साहेबासमोर बसायचं नसतं हे तो विसरला, आणि मीही. "आला?" एवढंच म्हणाला आणि बाहीने डोळे पुसले.

पुढच्या रविवारी तो माझ्याबरोबर गावी आला. यादी सोमवारी बंद होणार होती. वडील ओसरीवर होते. तो पायरीशी उभा राहिला आणि म्हणाला, "जय भीम, पाटील." आमच्या ओसरीवर तो शब्द कुणी कधी उच्चारला नव्हता. वडिलांनी घसा खाकरला. आई दाराआड उभी होती.

"तूच बांधली म्हनतोस. साक्ष कोन?" वडील म्हणाले.

"तुमी."

"मी?"

"पाटील, आपून दोघं तव्हा बावीस-तेवीसचे आसू. उगवतीचा झरा फुटला तव्हा मी खाली येकलाच व्हतो. बडा मिस्त्री जेवाया गेल्ता. तुमी काठावर पालथं पडून वरून वरडले, 'पानी कसं हाये रं?' मी ओंजळ भरून पेलो आन् खालून वरडलो, 'गोड हाये!' तुमी तसेच गावाकडं पळत सुटले. मला वर घ्यायचं इसरून गेले."

वडिलांचा चेहरा मी जन्मभर पाहिला होता, पण असा कधी पाहिला नव्हता.

"लई वेळ व्हतास का रं खाली?" त्यांनी विचारलं.

"दिवस मावळेपर्यंत. पर मला काय जल्दी नव्हती. पानी पीत बसलो."

वडिलांनी मला कागद आणायला सांगितलं. दौत स्वतः घेतली. ते चौथीपर्यंत शिकलेले, त्यामुळे एकेक अक्षर जपून काढत होते. लिहून झाल्यावर सही केली, आणि कागद माझ्याकडे न देता पायरी उतरून स्वतः त्याच्या हातात दिला. त्याने तो माझ्यापुढे धरला. "वाचा सायेब."

मी वाचलं. "आमच्या मळ्यातली दगडी विहीर या मिस्त्रीने बांधली. तिचे पाणी सगळ्यात आधी यानेच प्यायले."

मिस्त्रीने वडिलांकडे पाहून विचारलं, "हे दुसरं लायसनला लागतं का, पाटील?"

"न्हाई," वडील म्हणाले. "पन खरं हाये."

सोमवारी मी मोठ्या साहेबांना सांगितलं की दाखला माझ्याच वडिलांचा आहे, शेरा मी लिहिणं बरं दिसणार नाही. त्यांनी कागद वाचला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि स्वतः शेरा लिहिला. दुपारी त्या मिस्त्रीचं नाव यादीत चढलं.