वहिनींचा कोठारप्रमुख

वहिनींच्या घरात भिंतीतून चालायला मनाई होती. जपानमधल्या इचिकावातल्या त्यांच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये जमिनीवर निळ्या चिकटपट्टीने इजिप्तमधल्या एका थडग्याचा नकाशा काढलेला होता, अगदी खऱ्या मापाचा. मी वरच्या मजल्यावर राहायचो. पहिल्यांदा डबा परत करायला गेलो, तर ओरडल्याच, "अरे, तिथून नको! दार उजवीकडे आहे." मुकाट्याने दारातून गेलो. प्रेत उतरवायची विहीर नेमकी फ्रिजपुढे आली होती. त्यांची सहा वर्षांची मुलगी मला रोज बजावायची, "अबुनाय!" म्हणजे सांभाळ, पडशील.

वहिनी पुण्यात पुरातत्त्व शिकलेल्या. बँकेने नवऱ्याला जपानला पाठवलं, म्हणून मागोमाग आलेल्या. इथे एका विद्यापीठात त्यांनी अर्धवेळ काम धरलं. कुठल्याशा राजाच्या कोठारप्रमुखाचं ते थडगं; त्याच्या भिंतींवरची चित्रं फोटोंवरून रेष न् रेष संगणकावर गिरवायची. मळणीचे बैल, बदकं, मेजवानीला नटून बसलेल्या बायका. कोठारप्रमुखाच्या बायकोचा चेहरा तेवढा गळून पडलेला. "फोटोत नाही दिसायचा. जवळ उभं राहून तिरका उजेड टाकला ना, की हनुवटी सापडेल बघ," म्हणायच्या.

"कंटाळा नाही येत?" मी एकदा विचारलं.

"कंटाळा? अरे, माणसाने एवढं हौसेने घर रंगवून घेतलंय. कुणी नीट बघायला नको?"

एका संध्याकाळी शिऱ्याची वाटी घेऊन धापा टाकत वर आल्या. हिवाळ्यात इजिप्तला जाणाऱ्या तुकडीत सेन्सेईंनी, म्हणजे त्यांच्या प्राध्यापकांनी, त्यांचं नाव घातलं होतं. "तीन आठवडे रे! आत!" आनंदाने त्यांना धड बोलता येईना.

पंधरा दिवसांत नवऱ्याच्या बदलीचा हुकूम आला, परत मुंबई. वहिनींचा व्हिसा नवऱ्याच्या व्हिसावर. सेन्सेई कमरेत वाकून वाकून माफी मागत राहिले, पण त्यांच्या हातात काही नव्हतं. मुंबईहून तरी तीन आठवडे जाऊन येऊ का, असं वहिनींनी माझ्यासमोर नवऱ्याला विचारलं. "नवी शाळा, नवं घर, आणि पोरीला कोण बघणार?" ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. मला मात्र त्यांचा भयंकर राग आला, आणि तरी मी चहा पीत गप्प बसलो. त्याची आजही लाज वाटते.

गेल्या वर्षी दोघं नवराबायको टूरबरोबर इजिप्तला गेली. वहिनींनी गाइडच्या हातापाया पडून वाट वाकडी करायला लावली. कोठारप्रमुखाच्या थडग्याला लोखंडी दार, दाराला कुलूप. आतली भिंत खचली म्हणून ते कायमचं बंद केलेलं. मग तिकीट काढून शेजारची उघडी तीन थडगी पाहिली.

"हे म्हणाले, सगळी सारखीच तर असतात," वहिनींनी फोनवर सांगितलं.

मी उसळलो. "आणि तुम्ही ऐकून घेतलंत? चांगलं सुनवायचं नाही का?"

"काय सुनवणार रे," वहिनी म्हणाल्या. "मलाही सारखीच दिसली."