पी. डब्ल्यू.चं कार्ड आणि माझी सुतळी

“मास्तर, शिंद्याच्या घरात रडारड सुरू झालीया,” भिवा पोस्टमन धापा टाकत सांगत होता. “आबांनी कार्ड उंबऱ्याच्या आत येऊ दिलं न्हाई. तानूच्या बांगड्या फोडायला बायका जमल्यात.”

लढाई चालू होती आणि मी मेढ्याला पोस्टमास्तर होतो. नदीपलीकडच्या वाडीतल्या शिंदे आबांचा मुलगा शिदू पलटणीत होता. तो बेपत्ता झाल्याची तार सहा महिन्यांमागं माझ्याच हातून गेली होती. तानू त्याची बायको. पण त्या दिवशी सकाळी आलेलं त्याचं कार्ड मी पाहिलं होतं. त्यावर पी. डब्ल्यू. छापलेलं होतं.

ही दोन अक्षरं म्हणजे बहुरूपी. ओव्हरसियरच्या लखोट्यावर असली की पब्लिक वर्क्स, म्हणजे रस्ते आणि पूल. मिरजेला होतो तेव्हा रेल्वेच्या टपालावर दिसायची, तिथं परमनंट वे, म्हणजे रूळ आणि स्लीपर. लष्करी टपालावर मात्र प्रिझनर ऑफ वॉर, शत्रूच्या हाती सापडलेला कैदी. आणि कैदी म्हणजे जिवंत! मी मनातल्या मनात हरखलो, पण भिवाला सांगायचं विसरलो. त्याला इंग्रजी येत नव्हतं.

“अरे, पण रडतायत कशाला?”

“कोपरा फाटलाय न्हवं त्याचा!”

मयताची बातमी असली की कार्डाचा कोपरा फाडून पाठवायची आपली रीत. तसलं कार्ड कुणी घरात घेत नाही. आणि हा कोपरा फाडला होता माझ्या सुतळीनं. गठ्ठा करकचून बांधण्यात माझा हात धरणारा कुणी नाही, असा मला मोठा तोरा होता. सकाळी गाठ मारताना कागद टरकला, तरी मी लक्ष दिलं नाही.

ड्यूटीवर ऑफिस सोडणं म्हणजे वरून ठपक्याचा मेमो. मी भिवाला बाकावर बसवलं, खिडकी लावली आणि धावत सुटलो.

शिंद्यांच्या अंगणात कार्ड दगडाखाली ठेवलेलं होतं. ओट्यावर तानू हात पुढं करून बसली होती. तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं.

“थांबा! शिदू जिवंत आहे!”

“मास्तर, खोटा धीर देऊ नगा,” आबा म्हणाले. “मग कोपरा कुनी फाडला?”

“मी, आबा. गठ्ठा बांधताना.”

मी कार्ड उचललं. छापील इंग्रजीत एकच ओळ होती, खाली शिदूची वेडीवाकडी सही. “मी खुशाल आहे,” मी वाचलं. “कैदेत आहे, पण खुशाल आहे.”

तानूनं हात मागं घेतले आणि पदराखाली झाकले. “आवं मास्तर, परत वाचा की.”

मी चारदा वाचलं. आबांनी ते कार्ड कपाळाला लावलं आणि स्वतःच्या हातानं उंबऱ्याच्या आत नेलं.

मेमो मिळाला. लढाई संपल्यावर शिदूही आला. कार्ड घेऊन पोस्टात हजर. तानूनं पिठाची खळ लावून त्याला कागदाचा नवा कोपरा जोडला होता.

“मास्तर, दुश्मनाला जमलं न्हाई ते तुमी सुतळीनं करत हुता की!” म्हणाला आणि माझ्या पाया पडला. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

त्या दिवसानंतर पी. डब्ल्यू.चं कार्ड मी कधी गठ्ठ्यात बांधलं नाही. ते भिवाच्या वरच्या खिशात जायचं, आणि बातमी त्याच्याही आधी भिवाच्या कानात.