फासळ्यांचं छत

चौदा मार्च, शनिवार. रक्कम अकरा हजार डॉलर. हजर तिघं: मी, माझी बायको आणि आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष, म्हणजे माझा बावीस वर्षांचा मित्र. आमच्या श्रूजबरी गावातलं एक बंद पडलेलं चर्च मंडळानं सभागृहासाठी घेतलं होतं. त्याच्या छताच्या दुरुस्तीसाठी, आईच्या स्मरणार्थ, मी चेक दिला.

“फक्त छताला,” मी म्हणालो.

“अरे, लिहून देऊ का?” तो हसला. मित्राकडून काय लिहून घ्यायचं?

मध्ययुगीन चर्चमध्ये असतं तसं ते छत होतं. प्रत्येक खांबातून फासळ्या निघत, वर वाकत जात आणि मधोमध एका कोरीव फुलापाशी भेटत. आदल्या वर्षी आई आमच्याकडे आली होती, तेव्हा बाकावर मान मागे टाकून बराच वेळ बघत बसली. “मोठ्या छत्रीखाली बसल्यासारखं वाटतंय रे,” म्हणाली. पुण्याला परतली आणि त्याच उन्हाळ्यात वारली.

दुरुस्तीआधी मी सगळं तपासून घेतलं. जुन्या दगडी चर्चमध्ये अशा फासळ्या छताचा भार पेलतात. आमच्या प्लास्टरच्या होत्या, निव्वळ शोभेच्या. प्लास्टरच्या कारागिरानं मला ते दाखवलं, नमुना म्हणून फासळीचा एक तुकडाही करून आणला. मी हे मंडळाला जसंच्या तसं सांगितलं. एवढ्या उंच छतामुळे हिवाळ्यात हीटिंगला किती खर्च येईल, तेही आकडे काढून दिले. देणगी आपली आहे म्हणून अडचणी लपवू नयेत, असं मला वाटलं.

जूनमध्ये आईच्या वर्षश्राद्धाला मी पुण्याला गेलो. परतल्यावर मी आणि बायको सभागृह बघायला गेलो. मित्र तिथेच होता. डोक्यावर ऑफिसात असतं तसं पांढऱ्या चौकोनी टाइल्सचं सपाट छत होतं. खांब मध्येच त्यात घुसून संपले होते. दाराशी पितळी पाटी: ‘छताची दुरुस्ती’, खाली आईचं नाव.

“हे काय आहे?” मी मित्राला विचारलं.

“ड्रॉप सीलिंग. यार, तुझेच आकडे मीटिंगमध्ये ठेवले. पाच मिनिटांत सगळे कन्व्हिन्स झाले.”

“मी नसताना?”

“तू असतास तर भांडला असतास. आणि त्या फासळ्या काही पेलत नाहीत, हे तूच सांगितलंस ना?”

“आणि छत?”

“वर आहेच की! आम्ही कुठे तोडलंय?”

“मग पाटीपण वरच लावा, भाऊजी,” बायको म्हणाली.

तो मोठ्यानं हसला. त्याला ती गंमत वाटली.

आपले आकडे चुकले असते तर बरं झालं असतं, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. ते चुकले नव्हते. मी पाटी काढायला लावली आणि घरी आणली.

टाइल्सच्या ठेकेदाराला नऊ हजार चारशे डॉलर गेले होते. उरलेले सोळाशे मी परत मागितले. अध्यक्षांनी चेक पोस्टानं पाठवला. ते सोळाशे मी प्लास्टरच्या कारागिराला दिले. आमच्या कामासाठी त्यानं दुसरं काम सोडलं होतं.