आधी वाच, मग दाब

त्या सकाळी मी सुधाकरदादाला तीन फोन केले. तिसरा उचलला गेला, तेव्हा हॅलोही न म्हणता मी सुरू झालो, "दादा, नवा लॅपटॉप वायफायची फाइल सापडत नाही म्हणतो, आता काय करू?" पलीकडून वहिनींचा आवाज आला, "भाऊजी, हे पहाटेच गेले."

दीड महिना झाला. त्यांच्या वाक्यापेक्षा माझंच वाक्य मला जास्त ऐकू येतं.

दादा माझ्या नात्यातला नव्हे; नागपुरात गांधीबागेत कापडाच्या दुकानांमागच्या गल्लीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. लोकांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर तो घ्यायचा, त्यांवर लिनक्स ही फुकट मिळणारी प्रणाली चढवायचा आणि गावोगावच्या अभ्यासिकांना द्यायचा. कुहीची अभ्यासिका मी चालवतो. माझे वडील कळमन्याच्या बाजारात हमाल होते आणि आमच्या घराण्यातला पहिला बीएस्सी मी, हे मी कुणालाही न विचारता सांगतो. दादा दहावी नापास.

पहिल्या कॉम्प्युटरवर लिनक्स मीच चढवलं, हौसेनं. मध्येच पडद्यावर काही मजकूर आला, तो न वाचता मी पुढचं बटण दाबलं. जुनं सगळं पुसलं गेलं आणि नव्याला वायफायच ओळखता येईना. वायफाय चालवणारी फाइल नाही म्हणून इंटरनेट नाही, इंटरनेट नाही म्हणून फाइल उतरवता येत नाही. शेवटी ते धूड एसटीत घालून नागपूरला नेलं.

"पडद्यावर काय लिहून होतं?" दादानं विचारलं.

"इंग्रजीत होतं काहीतरी."

"अन् म्हणे बीएस्सी!" तो हसला. "तू शिकला म्हणून वाचत नाही गा. मी नापास, मले वाचाच लागते. आधी वाच, मग दाब."

मग त्यानं सगळं पहिल्यापासून सुरू केलं. तोच मजकूर आला. कोणती फाइल हवी तिचं नाव त्यातच होतं. पडद्यावर बोट ठेवून दादानं ते एकेक अक्षर वहीत उतरवलं, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून फाइल पेनड्राइव्हवर घेतली, लावली. वायफाय आलं. पण ते 'म्हणे बीएस्सी' मला लागलं. आठवडाभर बोललो नाही. मग केला फोन, कारण दुसरा कॉम्प्युटर अडकला होता.

पुढची सगळी वर्षं तशीच गेली. फोनवर तो फाइलींची नावं गाव-मोहल्ल्यांवरून अक्षर-अक्षर सांगायचा, "आय इंदोऱ्याचा, डब्ल्यू वर्ध्याचा, एल लकडगंजचा... लिहून राहिला ना?" साखरेनं त्याची नजर अधू झाली, तरी भिंग घेऊन वाचायचा. मी मात्र तब्येत विचारायचो ती काम झाल्यावर, फोन ठेवता ठेवता.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी, दादाच्या नावानं बुद्धवंदना झाल्यावर, वहिनींनी त्याची वही माझ्या हातात दिली. प्रत्येक कॉम्प्युटरपुढे हव्या त्या फाइलीचं नाव, आणि ज्याचं त्याला सांगून झालं की बरोबरची खूण. शेवटच्या पानावर कुहीचा नवा लॅपटॉप. मी त्याच्या मागच्या मॉडेल-नंबरच्या पट्टीचा फोटो पाठवला होता, त्यावरून दादानं फाइल आधीच शोधून ठेवली होती. पुढे खूण नव्हती.

"जायच्या आधीच्या रविवारी तुम्हाले सांगाले फोन केला होता त्यायनं," वहिनी म्हणाल्या.

केला होता. मी एका लग्नात पंगतीत बसलो होतो. "दादा, पंगतीत बसलोय, काही काम होतं का?" मी घाईत विचारलं. तो म्हणाला, "नाही गा. जेव तू."

कुहीला येऊन वहीतल्या नावाची फाइल टाकली. लॅपटॉपचं वायफाय सुरू झालं. अभ्यासिकेतल्या पोरी परीक्षेचे अर्ज भरायला बसल्या. मी बाहेर पायरीवर जाऊन बसलो, उठावंसं वाटेना.

दादाचा नंबर वहिनींनी चालू ठेवला आहे. परवा रविवारी दुपारी मी तो लावला.

"काय अडकलं, भाऊजी?"

"काही नाही."

"मग फोन काहून केला?"

"जेवल्या का, ते विचारायला."

"अजून नाही. वरण उकळून राहिलं. थांबा, गॅस बारीक करून येते."

फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. मी थांबलो.