एक्स्चेंजचे पाहुणे

विद्यापीठाचा इतिहास सहसा कोनशिलांवरून लिहिला जातो. कोणता परिसर कोणत्या कुलगुरूंच्या काळात उभा राहिला, हे त्यांवरून कळते. परंतु संस्था वाढते आहे याची पहिली वर्दी कोणाला लागत असे, असे विचारले तर या विद्यापीठापुरते उत्तर निःसंशय आहे: टेलिफोन एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरबाईंना.

खिशातले फोन येण्याआधीची ही गोष्ट. मुख्य इमारतीच्या तळमजल्यावर, जिन्याच्या पोटाशी, एकाच खिडकीची खोली होती. आत लाकडी बोर्ड आणि त्यावर लुकलुकणारे दिवे. बाई रुजू झाल्या तेव्हा बोर्डाचा निम्माअधिक भाग रिकामा होता. पुढे नदीपलीकडे विज्ञान परिसर झाला, मग बंद पडलेल्या गिरणीच्या जागेत वाणिज्य, मग शेजारच्या गावातले उपकेंद्र. आणि दर वेळी तंत्रज्ञ येऊन बोर्डावर नवी रांग जोडून जाई. उद्घाटन मंत्र्यांच्या हस्ते व्हायचे तेव्हा होवो, बाईंच्या लेखी दिवा लागला की ते झालेले असे. ‘आमचं विज्ञान’, ‘आमचं उपकेंद्र’ असे त्या इतक्या सहज म्हणत की ऐकणाऱ्याला वाटावे, जागा यांच्याच नावावर आहेत. शेजारच्या खोलीतले कारकून चिडवत, “कुलगुरू आठवडाभर दौऱ्यावर गेले तरी कुणाला पत्ता लागत नाही, बाई चहाला उठल्या की विद्यापीठ बंद!”

“मग चहा इथंच आणून देत जा,” बाई म्हणत. आणि तो येई.

यांपैकी एकही परिसर बाईंनी पाहिलेला नव्हता. कामाच्या वेळी बोर्ड सोडता येत नसे आणि सुटीच्या दिवशी घर सोडत नसे. तरीही परगावच्या पाहुण्यांना रस्ता सांगण्याचे काम आपोआप त्यांच्याकडे आले होते. विज्ञान परिसर उघडला त्या आठवड्यात भूविज्ञानाच्या पहिल्या प्रमुखांनी त्यांना खाणाखुणा सांगितल्या होत्या, त्याच त्या पुढे सांगत आल्या: फाटकातून आत या, डावीकडे पाण्याची टाकी, टाकीला वळसा घालून मैदान पार करा, समोर पत्र्याचं छप्पर दिसेल, तेच भूविज्ञान. त्यांच्या सांगण्यात असा ठामपणा असे की उलट प्रश्न विचारण्याची कुणाची छाती होत नसे.

त्याच विभागात बाईंची लेक भूजलावर संशोधन करीत होती. घरातली ती पहिली पदवीधर. प्रबंध मान्य झाला आणि खुल्या मौखिकीचा दिवस ठरला. बाईंनी नोकरीत प्रथमच स्वतःसाठी रजा मागितली. लेक उत्तरे देईल तेव्हा त्या खोलीत आपण असायचे, एवढीच त्यांची इच्छा होती. आदल्या दिवशी बहिःस्थ परीक्षकांचा फोन आला. ते गावात नातेवाइकांकडे उतरले होते आणि आपले आपण येणार होते. बाईंनी त्यांनाही नेहमीचा रस्ता सांगितला.

“आई, मी येते ना फाटकाशी घ्यायला,” लेक म्हणाली.

“मला? अगं, सगळ्या जगाला मी तिथं पोचवलंय. तू आपली वाच.”

सकाळी बाई फाटकातून आत शिरल्या. टाकी डावीकडेच होती, त्यांना कोण आनंद झाला. वळसा घातला आणि समोर भिंत आली. उंच, लांबलचक, दार नसलेली. भिंतीपाशी एक चष्मेवाले गृहस्थ बॅग सांभाळत घड्याळ पाहत उभे होते.

“इथं मैदान होतं हो,” बाई पुटपुटल्या.

गृहस्थ गर्रकन वळले. “हा आवाज! काल फोनवर तुम्हीच ना? टाकीला वळसा घाला म्हणालात!”

हेच ते बहिःस्थ परीक्षक, हे बाईंनी ओळखले. परीक्षकांची परतीची गाडी दुपारी होती. ती गाठायची म्हणून त्यांनी तसेच परत जायचे ठरवले असते, तर मौखिकी महिनोन्‌महिने लांबणीवर पडली असती.

तेवढ्यात रखवालदार आला. “एक्स्चेंजचे पाहुणे का? रोज एखादा तरी येतोच या भिंतीशी. त्या बाई धाडतात.”

“मीच त्या बाई,” बाई म्हणाल्या.

रखवालदाराने जीभ चावली. “माफ करा ताई. पण मैदानावर ग्रंथालय होऊन जमाना झाला. ही त्याची पाठ.”

लेक रोज ग्रंथालयाविषयी बोलायची. ते नेमके कुठे उभे आहे, हे विचारावे असे बाईंना कधी सुचले नव्हते.

“आणि साहेब,” त्या परीक्षकांकडे वळल्या, “आज तुम्ही जिची परीक्षा घेणार आहात ती माझी मुलगी.”

“हे मला सांगायला नको होतं, बाई. आता तिला अवघडच प्रश्न विचारावे लागतील.”

“विचारा की. रस्ता मी चुकवलाय, तिनं नाही.”

जवळची वाट ग्रंथालयाच्या आतूनच होती. रखवालदार बाजूच्या दाराने त्यांना वाचनकक्षात घेऊन गेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत टेबले, प्रत्येकावर वाकलेली डोकी, आणि इतक्या माणसांत पाने उलटल्याचा तेवढा आवाज. परीक्षक झपाझप पुढे निघाले. बाईंची पावले मात्र मंदावली. ज्या मैदानावरून त्यांनी आजवर लोकांना मनातल्या मनात चालवले होते, तिथे एवढी मुले बसून वाचत होती! आपले सांगणे खोटे ठरल्याचा असा अभिमान त्यांना कधी वाटेल, असे त्यांना स्वतःलाही वाटले नसते.

“ताई, चला,” रखवालदार कुजबुजला.

पत्र्याच्या छपराच्या जागी आता दगडी इमारत होती. बाई मागच्या रांगेत टेकल्या आणि मौखिकी सुरू झाली. परीक्षकांनी दिलेला शब्द पाळला. विहिरींच्या निवडीपासून निष्कर्षापर्यंत त्यांनी लेकीला कुठेच सूट दिली नाही. एका प्रश्नाला ती थबकली, फळ्याकडे गेली, खडकांचे थर काढले आणि म्हणाली, “सर, इथं माझी मोजणी अपुरी आहे. पण जेवढी आहे, ती हेच दाखवते.” बाईंना थर कळले नाहीत, परीक्षकांनी चष्मा काढून मान डोलावली, ते कळले.

बहिःस्थ आणि विद्यापीठातले असे दोन्ही परीक्षक बाहेर जाऊन बोलून आले. बहिःस्थांनी कागद हाती घेतला. “उमेदवारास विद्यावाचस्पती ही पदवी देण्यात यावी, अशी आम्ही—”

मागच्या रांगेतून टाळ्या वाजल्या. एकट्याच. लेकीने कपाळावर हात मारला.

“बाई,” परीक्षक म्हणाले, “वाक्य पुरं होऊ द्या.”

“झालं की हो!” बाई म्हणाल्या आणि सगळी खोली हसली.

परीक्षकही हसले. मग गंभीर होऊन त्यांनी कागद सरळ केला, मागच्या रांगेकडे पाहिले आणि ते वाक्य पहिल्यापासून, सावकाश, पुन्हा वाचले.