घर तपासायला आलेले जावई

आळेफाट्याच्या अलीकडे, हायवेपासून जरा आत, एक घर विकायला होतं. ते मला पहिल्याच दिवशी आवडलं आणि पहिल्याच दिवशी त्याच्या बाथरूमच्या भिंतीला ओल दिसली. बाहेरच्या बाजूने हात लावला तर रंगाचा पापुद्रा बोटाला चिकटून आला. मी तसं बोलले. घरमालक म्हणाला, "बाई, नवा रंग हाय, वाळतोय अजून." आमचे हे म्हणाले, "वाळेल की." झालं, विषय संपला. मी आयुष्यभर चौथीच्या वर्गाला पाण्याचं चक्र शिकवलं, पण दोन पुरुषांनी माना डोलावल्या की भिंतीतलं पाणी आटतं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी, त्यामुळे बदली होईल तिथे भाड्याची खोली. आणे गावात होते तेव्हा घरमालकाचे कांदे माझ्या पलंगाखाली असायचे. घोडेगावला छत गळायचं. मालकाला सांगितलं तर तो म्हणाला, बाई, बादली देतो. कुठेच तोंड उघडायची सोय नव्हती, कारण घर दुसऱ्याचं. निवृत्तीनंतर मला माझं घर हवं होतं, आणि ते कोरडं हवं होतं. एवढं एकच मागणं होतं आणि ते सोडायची माझी तयारी नव्हती.

आमच्याकडे घर बघायचं म्हणजे चार जाणती माणसं न्यायची. ती दार कुठल्या दिशेला आहे ते बघतात, शेजार कुणाचा ते विचारतात, चहा पितात आणि "झ्याक हाय" म्हणून उठतात. आमच्या चौघांनीही चहा प्यायला, तोसुद्धा त्याच भिंतीला टेकून. मग पुण्याच्या भाचीने मला फोनवर सांगितलं की तिकडे लोक घर घेण्याआधी तपासणीची कंपनी बोलावतात. त्रयस्थ माणूस येतो, यंत्र लावतो आणि दोष तोंडावर सांगतो. त्रयस्थ हा शब्द मला फार आवडला. आमच्या भागात तो वापरायची वेळ क्वचितच येते.

पहिला फोन पुण्याच्या कंपनीला केला. पलीकडचा मुलगा हिंदीत विचारू लागला, कौन सा टॉवर, कौन सा फ्लोर. म्हटलं, टॉवर नाही बाबा, एका बाजूला टोमॅटो आहेत आणि दुसऱ्या बाजूला मालक राहतो. तो म्हणाला, कळवतो. अजून कळवतोय. दुसरा जवळपासचाच निघाला. घर तपासायचा, वॉटरप्रूफिंग करायचा, रंग द्यायचा आणि हातावर नारळ धरून बोअरची जागाही दाखवायचा. मी पत्ता सांगत होते तेवढ्यात तो म्हणाला, "ओल हायच. सगळी गच्ची उकरावी लागंल." माझ्या बाजूने बोलणारा तो पहिलाच माणूस, पण घर न बघता बोलत होता, म्हणून त्यालाही नको म्हटलं.

तिसरा मंचरचा तरुण इंजिनियर. नुकतीच कंपनी काढलेली. त्याला मी आधी कामाचं काहीच विचारलं नाही. गाव कोणतं, आजोळ कुठलं, आळेफाट्याला कुणी पाहुणे आहेत का, अमुक आडनावाशी सोयरीक आहे का, असं सगळं खोदून विचारलं. सोयरीक जुळवताना करतात तेवढी चौकशी केली, फक्त उलट्या हेतूने. नातं असेल तर तो मालकाच्या घराला नावं ठेवणार नाही, ही मला धास्ती. पोरगा बिचारा प्रत्येक प्रश्नाला "न्हाई मॅडम" म्हणत होता. मालकाशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. मी खूश झाले आणि त्याला बोलावलं.

विकणाऱ्याशी नातं नाही याची मी खात्री केली. आपल्याशी आहे का, हे विचारायचं राहून गेलं.

ठरल्या दिवशी तो मोटारसायकलवरून आला. पाठीवर पिशवी, पिशवीत ओल मोजायचं यंत्र आणि फरशी वाजवून बघायची काठी. आमच्या ह्यांनी सवयीप्रमाणे विचारलं, "कुठलं पावणं?" त्याने गाव सांगितलं. मग सासरवाडी विचारली, ती निघाली बेल्हे. मग सासऱ्याचं नाव. ते ऐकल्यावर ह्यांनी त्याच्या पाठीवरची पिशवी स्वतःच्या हाताने उतरवून घेतली. तो ह्यांच्या चुलतभावाचा जावई होता. लग्नाला आम्ही दोघं गेलो होतो, आहेरही केला होता. पण नवरदेवाच्या तोंडावर मुंडावळ्या, त्याच्या पुढे फोटोग्राफर आणि आमचं लक्ष पंगतीकडे. ओळखणार कसं?

पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत हातातून गेलं. जावयाला खुर्ची आली. चहा आला. टॉवेल-टोपी आणायला ह्यांनी कुणाला तरी फाट्यावर पिटाळलं. जावई म्हणाला, "मामा, मी कामाला आलोय." हे म्हणाले, "काम व्हईल वो. बसा आधी." त्याने गच्चीवरची टाकी बघायची म्हटली तर ह्यांनी शिडीच काढून घेतली, घरचा जावई टाकीवर चढलेला लोकांनी बघितला तर काय म्हणतील. घरमालकाला तर उकळ्या फुटत होत्या. "तुमचा जावई त्यो आमचाबी जावई," असं म्हणून त्याने शेजारच्या स्वतःच्या घरात बायकोला मासवड्या करायला सांगून टाकलं.

तरी पोरगा प्रामाणिक. त्याने हॉलमधली फरशी वाजवली. पोकळ वाजली, मलाही ऐकू आली. त्याने मामांकडे बघितलं, मालकाकडे बघितलं आणि म्हणाला, "चालतंय." बाथरूमच्या भिंतीला यंत्र लावलं तर ते किंचाळायला लागलं. त्याने ते बंद केलं. "जरासा दमटपणा हाय," म्हणाला, आणि रुमालाने कपाळ पुसलं. सासरच्या माणसांपुढे जावई आमटीतल्या मिठाला नावं ठेवत नाही, तो भिंतीतल्या ओलीला काय ठेवणार?

मला इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. मी त्याला रिकाम्या स्वयंपाकघरात नेलं. म्हटलं, "जावईबापू, खरं सांगा."

तो खाली बघत म्हणाला, "मामी, भिंतीत पाईप गळतोय. पूर्ण फोडावी लागंल. फरशीबी उचलावी लागंल. पण तिथं बसून कसं बोलू? जावई माणूस."

जावई माणूस, हे त्याने म्हटलं आणि मला एकदम सुचलं. म्हटलं, "लग्नात रुसला होतात?"

"न्हाई."

"मग तुमचा एक रुसवा आमच्याकडे बाकी आहे. आज काढा."

"मला रुसता येत न्हाई, मामी."

"जेवायला बोलावलं की उठायचं नाही. बाकीचं आपोआप होतं."

शेजारी मालकाच्या घरात मासवड्यांचं ताट वाढलं गेलं. रश्शाचा वास आमच्यापर्यंत येत होता. मालक बोलवायला आला, तर जावई खुर्चीवरून हलेना. ह्यांनी बोलावलं, तरी हलेना. शेवटी मान खाली घालून, शाळेतल्या पोराने कविता म्हणावी तसा म्हणाला, "बाथरूमची भित्ताड फोडून पाईप बदलून द्या. तोवर मी ताटावर बसणार न्हाई."

मी पहिल्या दिवशी ओलीचं बोलले होते तेव्हा कुणाच्या कपातला चहासुद्धा हलला नव्हता. आता मालक दोन्ही हात जोडून उभा. जावई दारातून उपाशी गेला ही गोष्ट संध्याकाळपर्यंत बेल्ह्याला पोचली असती आणि तिथून कुठे कुठे. "देतो की राव. उद्याच गवंडी लावतो. सगळ्यांदेखत सांगतो," मालक म्हणाला. आमचे हे त्याच्यावरच डाफरले, "इतकी ओल हाय आन् तुमी नवा रंग म्हनत व्हता?"

जावयाला मग चव लागली. त्याने हॉलची फरशी मागितली, ती मिळाली. गच्चीचा उतार मागितला, तोही मिळाला. पुढे तो जिन्याला स्टीलचं रेलिंग मागायला निघाला, तेव्हा मीच डोळे वटारले. मग तो उठला आणि पोटभर जेवला.

पुरुषांचं जेवण झाल्यावर मी आणि मालकीणबाई त्यांच्या स्वयंपाकघरात ताटं घेऊन बसलो. इतका वेळ ती बाई चुलीपुढून हलली नव्हती आणि एक शब्दही बोलली नव्हती. तिने माझ्या ताटात मासवडी वाढली आणि हळूच म्हणाली, "बाई, त्या पाईपाचं मी भित्ताड बांधताना सांगितलं व्हतं. तवाच टपकत व्हता. तर आमचे हे म्हनले, तुला काय कळतंय."

तिने पदराने तोंड पुसलं आणि मागच्या भिंतीकडे मान केली. डब्यांच्या फळीखाली वीतभर रुंद काळपट पट्टा थेट जमिनीपर्यंत उतरला होता.

"दोनी घरं एकाच गवंड्यानं बांधली," ती म्हणाली. "तुमचे जावई अजून बाहेर हायेत का? जाता जाता आमच्याबी घरात जरा रुसायला सांगा की त्यांना."

मी तशीच उठले, हात धुतले आणि जावईबापूंना हाक मारली.