अस्वलाचं पोट

शिवणखात्यात सगळे त्यांना मावशीच म्हणत. पस्तीस वर्षं त्यांनी नाटक-सिनेमांचे पोशाख शिवले, पण त्यांच्या कामाला कुणी हसलं नव्हतं. ते यंदा घडलं.

दर हिवाळी सुट्टीत टीव्हीवर एक जुनं कार्टून लागायचं, झोप न येणाऱ्या अस्वलाचं. त्यावर तीन पिढ्या वाढल्या होत्या. आता खरे नट घेऊन त्याचा सिनेमा निघाला, आणि नटाने आत शिरून वावरायचं ते अस्वल शिवायचं काम मावशींकडे आलं. पहिली झलक बाहेर पडली मात्र, लोक तुटून पडले. "हे अस्वल आहे की भिजलेलं पायपुसणं?" असं कुणीसं लिहिलं आणि ते सगळीकडे पसरलं.

दिग्दर्शक हबकून म्हणाले, "मावशी, रंग बदलू या का?"

"रंगाला काही झालेलं नाही, पोट चुकलंय. कार्टूनमधलं अस्वल बसलं की पोट मांडीवर ओघळतं. आपलं गादीसारखं ताठ राहतं."

त्यांनी पोट उसवलं, कापूस काढून मोहरीएवढे प्लास्टिकचे दाणे भरले आणि सगळं पुन्हा हाताने शिवलं. बोटं सुजली. अस्वलाची सगळी दृश्यं नव्याने चित्रित झाली.

सिनेमा लागला त्या सकाळी सून फोनवर परीक्षणं वाचायला बसली. मावशी मटार सोलत होत्या.

"मला नको सांगूस गं."

"बरं."

दोन शेंगा झाल्या. "काय म्हणतात?"

"गोष्ट रबरासारखी ताणलीय. गाणी संपता संपत नाहीत. अर्ध्या तासाची गंमत दोन तासांत विरून गेली."

"आणि अस्वल?"

"थांबा हो आई... 'ते बसतं, पोट सावरून मांडीवर घेतं, आणि आपण पुन्हा सात वर्षांचे होतो.'"

मावशींच्या हातातली शेंग तशीच राहिली. "दुसरं वाच."

"यात पोशाखाबद्दल काहीच नाही. नुसतं लिहिलंय, 'अस्वलाला रडू आलं तेव्हा मलाही आवरेना.'"

"अस्वलाला," मावशी हळूच म्हणाल्या. आत कापड आहे, दाणे आहेत, घामेजलेला नट आहे, हे तो लिहिणारा साफ विसरला होता! इतके महिने छातीवर बसलेला धोंडा उतरला. त्या हसल्या, डोळे पुसले, आणि मग एकदम ओशाळल्या.

"अगं, तिकडे दिग्दर्शक बिचारे तोंड पाडून बसले असतील. लाव बरं त्यांना फोन."

फोन लागला. पलीकडून नुसता उसासा आला.

"ते असू दे," मावशी म्हणाल्या. "आधी सांगा, सकाळपासून काही खाल्लंत का?"